तूप आणि नजर

तिर महिन्याची १३, मंगळवार

आज बाजारात इतक्यांदा उठले की शेवटी तिरिंगो ओरडलीच, "यशी, तू लोणी विकायला येतेस का संडासाची राखण करायला?" सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. हसता हसता पुन्हा कळ आली आणि पुन्हा पळाले.

असल्या गोष्टी तोंडानं बोलायची लाज वाटते. कबुलीच्या वेळी अबा तेक्लेंना सांगावं म्हटलं, तर त्या म्हाताऱ्या धर्मगुरूंसमोर हगवणीचं कसं काढणार? म्हणून इथं लिहिते. बारावीपर्यंत शिकले त्याचा आज एवढाच उपयोग.

पित्ताशय काढलं ते नाताळाआधीच्या उपवासात, बाहिर दार शहरातल्या इस्पितळात. उजव्या बरगडीखाली टाके पडले. निघालेले खडे डॉक्टरांनी बाटलीत घालून दिले. मुलुनेशताई ती बाटली शेजारणींना दाखवते, पोराचं प्रगतिपुस्तक दाखवावं तशी. उपवास होता तोवर मी ठीक होते. सण झाला, ताईनं माझी शुश्रूषा मनावर घेतली, आणि पोटाचं तंत्र बिघडलं ते बिघडलंच.

डॉक्टर म्हणाले होते, हलकं खा. आमच्यात बाळंतिणीला जे देतात त्याहून हलकं काय असणार? जवाच्या पिठाचा गरम जेन्फो, मध्ये हातानं केलेला खळगा, आणि खळगा काठोकाठ भरेल इतकं मसाल्याचं तूप. ताई समोर बसून खायला लावते. "आतडी कोरडी पडलीत तुझी. वंगण नको?" मी मुकाट्यानं संपवते आणि दुपारपर्यंत त्याचं पाणी होऊन जातं. मग ताई म्हणते, उद्या थोडं जास्त घालू.

तिर १५, गुरुवार

खेड्यातल्या बाया पानात गुंडाळून लोणी आणतात. कुणी त्यात उकडलेला बटाटा कालवते, कुणी केळं, कुणी दुकानातलं डब्याचं तूप. गोळ्यात काडी खुपसायची, आतलं लोणी जिभेवर घ्यायचं, आणि भेसळ आहे की नाही ते सांगायचं. गाय कुठल्या अंगाला चरली तेसुद्धा मी सांगते. मार्कोस गावच्या बाजारात माझ्या जिभेला मान आहे. लोणी चाखून थुंकणारी बाई मी अजून पाहिली नाही. ते पाप आहे.

आज खूप माल आला. चाखून चाखून जेवणाची इच्छाच राहिली नाही, आणि तिसऱ्या प्रहरी उजव्या कुशीत अशी कळ उठली की डोळ्यांपुढं अंधारी आली.

अबेराश शेजारी बसते. माझा नवरा गेला त्या वर्षापासून आम्ही एका छत्रीखाली बसतो. ती म्हणाली, "चाखायचं काम काही दिवस माझ्यावर सोड. तू नुसती बस."

"म्हणजे माझी गिऱ्हाइकं तुझ्या पदरात?"

"तुझी ती कटकटी गिऱ्हाइकं घेऊन मी काय लोणचं घालू त्यांचं?"

मी हसले, पण काडी तिच्या हातात दिली नाही.

तिर २१, बुधवार

आज पोट गप्प आहे. बुधवारी आणि शुक्रवारी असं होतं हे माझ्या ध्यानात आलंय. उपवासाचे दिवस, देवाचे दिवस. लोण्याला गिऱ्हाईक नसतं, मी घरीच असते. दुपारपर्यंत काही खाल्लं नाही, मग डाळीचा पातळ शिरो आणि इंजेराची आंबूस पोळी. पोटात अन्न राहिलं. संध्याकाळी अंगणात बसून शेजारच्या पोरांचं भांडण ऐकलं, इतकं बरं वाटलं.

देवा, सगळे दिवस बुधवार कर.

तिर २४, शनिवार

लिहू की नको असं झालंय. लिहिते.

बाजार भरात होता. माझ्यापुढं पाच-सहा गिऱ्हाइकं. कळ आली, मी उठायला गेले आणि उठता उठताच झालं. पांढरा झगा. मी तशीच खाली बसले. वास मलाच आला. वाटलं, आत्ता, ह्या क्षणी जमीन फाटावी.

अबेराशनं माझ्याकडं पाहिलं.  तिनं स्वतःचं ताकाचं मोठं मडकं उचललं आणि सगळं ताक माझ्या मांडीवर ओतलं. मग स्वतःच बोंब ठोकली, "अरे देवा! वेंधळी मी! बिचारीला आंघोळ घातली!" आपली शाल सोडून माझ्याभोवती गुंडाळली आणि मला उठवून चालवत नेलं. मागं सगळ्या हसत होत्या, पण ताकाला हसत होत्या.

घरी तिनं पाणी तापवलं. मला धुतलं. चाळिशी उलटलेली बाई मी, आणि तान्ह्या पोरासारखी उभी होते.

"तुझं ताक वाया गेलं," मी म्हटलं.

"आंबटच होतं. तसंही गळ्यात पडलं असतं."

ती गेल्यावर मी पोटभर रडले.

तिर २७, मंगळवार

तिरिंगो वाटेत भेटली. मुद्दाम थांबली होती.

"ताकाचं काय झालं ते मला सगळं कळलं. तिथं जमिनीवर मी पाहिलं. मी कुणाला सांगणार नाही गं, तू मला बहिणीसारखी. पण मला एक सांग, तिला आधी कसं कळलं?"

"शेजारी बसते, दिसलं असेल."

"शेजारी तर मीही बसते. तिची आई कोण होती ठाऊक आहे ना? कुंभारीण."

मला ठाऊक होतं. बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे, कुणी उच्चारत नाही इतकंच. मडकी घडवणाऱ्यांच्या आणि लोखंड ठोकणाऱ्यांच्या नजरेत बुडा असतो, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. बुडा नजर लावतो आणि माणसाला आतून खातो. वरून काही दिसत नाही, माणूस वाळत जातं.

"तिरिंगो, ती मला आंघोळ घालून गेली."

"आणि काय करणार? पोसलेली कोंबडी कुणी उपाशी ठेवतं का?"

मी तिला जीभ आवरायला सांगितलं. पण घरी येऊन आरशात पाहिलं. गालफडं बसलीत. गळ्याची हाडं वर आलीत.

येकातित ५, बुधवार

निनवेचे तीन दिवसांचे उपवास आज संपले. तिन्ही दिवस पोट शांत. तिन्ही दिवस मी घरी, अबेराशपासून लांब.

हे मी लिहिलं आणि माझंच मला वाईट वाटलं. पण खोटं काय लिहिलं? बाजाराच्या दिवशी तिच्याशेजारी बसते आणि मरते. बाजार नसेल त्या दिवशी जगते. ताईला सांगितलं तर तिनं लगेच छातीवर क्रूस काढला. "मला हे कधीपासून वाटतंय. बोलले नाही इतकंच." ताईला सगळंच कधीपासून वाटत असतं.

आठवत राहिलं. "चाखायचं माझ्यावर सोड," का म्हणाली? मडकं इतक्या पटकन कसं उचललं?

येकातित १६, रविवार

उद्यापासून मोठा उपवास. आज घरोघरी मांस, तूप, दूध, जेवढं पोटात मावेल तेवढं. अबेराश डबा घेऊन आली. कच्च्या मांसाचा खिमा, लोण्यात कालवलेला, वर तिखट. आमच्यात घास दुसऱ्यानं भरवायचा असतो आणि नाही म्हणणं म्हणजे तोंडावर दार आपटणं. तिनं मोठा घास केला, माझ्या तोंडाशी आणला. "वाळलीस गं. खा. माझ्या हातचं खा."

मी खाल्लं. एक नाही, तीन. एकच घास घेतला तर वैर येतं म्हणतात.

पुढचं काय लिहायचं. दोन वेळा वाटलं जीव जातो. पोटात पीळ, छातीपर्यंत जळजळ, हिरवं कडू ओकले, खालून पाणी. ताई डोकं धरून बसली होती आणि एकच म्हणत होती, "तिच्या हातचं खाल्लंस. तिच्या हातचं खाल्लंस."

मला आता शंका राहिली नाही. मला जगायचंय.

येकातित २८, शुक्रवार

मंत्रतंत्र करणाऱ्या देब्तेरानं चामड्यात शिवलेला ताईत दिला. गळ्यात आहे. उपवासात लोण्याचा बाजार उठतो, त्यामुळं बाजारात पाऊल टाकलेलं नाही. डाळ, शिरो, कोबी, भाजलेले जव. तेल आम्ही थेंबभरच टाकतो.

आणि मी बरी आहे! सलग इतके दिवस पोट माझं ऐकतंय हे मी विसरूनच गेले होते. देवळात परवापर्यंत अंगणातच उभी राहायचे. अशा पोटानं आत जायची सोय नाही. काल आत गेले. अबा तेक्लेंनी क्रूस कपाळाला लावला तेव्हा म्हणाले, "चेहऱ्यावर रक्त आलं, लेकी." मी ताईत दाखवला नाही. त्यांना देब्तेराचे धंदे आवडत नाहीत.

अबेराश दोनदा येऊन गेली. ताईनं दारातूनच सांगितलं, यशी झोपलीय.

मेगाबित १४, रविवार

मठाच्या झऱ्यावर गेलो होतो, पवित्र पाण्याखाली उभं राहायला. ताई म्हणाली, ताईत बाहेरून राखतो, पाणी आतून काढतं. पहाटेची थंडी, अंगावर एकच पातळ कापड, पोटात कालपासून काही नाही. डोंगरातून बर्फासारखं पाणी डोक्यावर पडतं आणि साधू लाकडी क्रूसानं पाठीवर मारत विचारतो, "कोण आहेस तू? कुणी खाल्लं हिला? नाव सांग!" आजूबाजूला सगळे किंचाळत होते. कुणी कुत्र्यासारखं भुंकत होतं. माझे दात वाजत होते. साधू थांबेना. "नाव सांग आणि सोड हिला! नाव!"

मी म्हणाले, "अबेराश."

पाणी लगेच थांबलं. लोकांनी आनंदाचा चीत्कार केला. मला कोरड्या शालीत गुंडाळलं. डोळे पुसून पाहते तर समोर तिरिंगो. दुखऱ्या गुडघ्यासाठी आली होती म्हणे.

मी म्हणाले का माझ्यातलं दुसरं कुणी म्हणालं, मला सांगता येत नाही. सगळे म्हणाले, बुडा बोलला, तू नाहीस. मला ते सोयीचं वाटलं.

मेगाबित १८, गुरुवार

फसिकाचा सण, म्हणजे ईस्टर, जवळ आला म्हणून माल घ्यायला आणि विकायला बाजारात गेले. वर्षभराची कमाई ह्याच दिवसांत होते. उपवासात आम्हाला लोणी चाखता येत नाही, म्हणून दरवर्षी बाजारातली मुसलमान झेयनेबा चाखून देते. यंदा तिचा रमजानही ह्यातच आला. सगळ्याजणी गोळे मनगटावर चोळून वास घेत बसल्या होत्या. अबेराशचं नाक ह्यात सगळ्यात पक्कं. इतर वर्षी तिच्यापुढं रांग लागते.

आज तिच्यापुढं कुणी नव्हतं. पाठीवर पोर असलेली एक बाई तिच्यासमोरून जाताना पोराच्या तोंडावर शाल ओढून पळत गेली. खेड्यातल्या एकीनं तिला लोणी दाखवायला काढलं होतं, ते तिरिंगोनं हात धरून परत बांधायला लावलं. मी दूर, पलीकडच्या रांगेत बसले. छत्री तिच्याकडंच राहिली.

ती उठून माझ्यापुढं आली. 

"यशी, मी तुला खाल्लं?"

मी माझ्या टोपलीकडं बघत राहिले.

"माझ्याकडं बघ आणि सांग. तू सांगितलंस तर मी आत्ता ह्या बाजारातून उठते."

मी गोळ्यावरचं पान पुन्हा बांधायला घेतलं. ती जागेवर जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत तिची टोपली भरलेली होती तशीच होती. माझी सगळी खपली.

मियाझिया ४, शनिवार

अबेराश घरी आली होती. ताईनं कडी घातली. मी दाराच्या आत उभी होते, तिला ते कळलं असणार.

"नको उघडूस," ती बाहेरून म्हणाली. "माझ्या अंगणात कुणीतरी राख आणि मेलेली कोंबडी टाकून गेलंय. मी भावाकडं जाते, देजेनला. माझी जागा धरून ठेव, हे सांगायला आले होते. पण राहू दे."

पावलं लांब जाईपर्यंत ताईनं माझं मनगट सोडलं नाही. पोट आज अगदी ठणठणीत होतं. 

मियाझिया १२, रविवार, फसिका

ख्रिस्त उठला. मध्यरात्रीच्या प्रार्थनेनंतर उपवास सुटला. अबेराश गावात नाही, दार बंद, गळ्यात ताईत, घरात मी आणि ताई दोघीच. ताईनं कोंबडीचा डोरो वॉट केला, कांदा तुपात तास न् तास परतून, वर बोटभर तुपाचा तवंग. आम्ही एकमेकींना घास भरवले. इतक्या दिवसांनी तूप जिभेवर आलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

सूर्य वर यायच्या आत मी परसात वाकून बसले होते. तीच कळ. तीच हिरवी उलटी. भिंतीला डोकं टेकून ओरडले, "आता कोण? आता कोण खातंय मला?"

ताई म्हणाली, "जाताना काहीतरी ठेवून गेलीय ती."

मियाझिया २२, बुधवार

आज बुधवार आणि आजही पोट फुटलंय. फसिकानंतर पन्नास दिवस बुधवार-शुक्रवारचा उपवास नसतो. ताई रोज जेन्फो करते. आज तिला विचारलं, "अबेराश देजेनला आहे. तिची नजर डोंगर ओलांडून येते?"

"बुडाला अंतर नसतं."

"मग मोठ्या उपवासात का नव्हती येत? तेव्हा तर ती दोन गल्ल्या सोडून होती."

 ताईनं माझ्या खळग्यात आणखी तूप ओतलं.

उभं राहिलं की भिंती फिरतात. झगा खांद्यावरून घसरतो. असंच चाललं तर पावसाळा मी बघणार नाही. उद्या बाहिर दारची गाडी धरते. वाटेत काय होईल ते होवो, अंगाखाली जुनी चादर घेईन.

मियाझिया २४, शुक्रवार

बाई डॉक्टर होती, तरुण. टाके पाहिले, पोट दाबून पाहिलं. म्हणाली, "काय खाता?"

"हलकंच."

"म्हणजे काय?"

मी जेन्फोचं सांगितलं, खळग्याचं, तुपाचं. लोणी चाखायच्या कामाचंही सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं.

"पित्त साठवायची पिशवी काढलीय तुमची. तूप-चरबी पोटात आली की ती पिशवी हिशेबानं पित्त सोडायची. आता पिशवीच नाही. पित्त दिवसभर ठिबकतं आणि एवढं तूप एकदम आलं की आतड्यांना झेपत नाही. काहींना त्रास होत नाही, तुम्हाला होतो. तूप, लोणी, चरबी बंद. पुढं थोडं थोडं करून बघू."

"मी लोणीवाली आहे."

"मग विका. खाऊ नका."

"आणि उपवासात मी बरी होते, ते?"

"उपवासात तूप खाता का?" तिनं विचारलं. इतकं साधं होतं. एक पावडर लिहून दिली, ती मार्कोसमध्ये कुठल्याच दुकानात मिळाली नाही.

परतीच्या गाडीत खिडकीला तोंड लावून बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं फासाचा दोर मीच वळून दिला होता. बाजूच्या माणसानं विचारलं, कुणी वारलं का. मी हो म्हटलं.

गिन्बोत ९, शनिवार

तूप सोडलं आणि पोट ताळ्यावर आलं. ताई आधी चिडली, मग रडली, मग गुपचूप डाळ शिजवायला लागली. देजेनच्या गाडीवाल्याबरोबर अबेराशला निरोप पाठवला होता, सगळं सांगून, ये म्हणून. उत्तर आलं: "तू बोलावून काय उपयोग? बाजारानं घालवलं, बाजार बोलावेल तेव्हा येईन."

म्हणून आज बाजारात गेले. तिरिंगोनं गळामिठी मारली. "बघा बघा, गाल आले हिचे! ती गेली आणि ही बरी झाली. आता आणखी कसला पुरावा हवा?" अबेराशच्या जागेवर तिरिंगोच्या टोपल्या होत्या.

मी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. पित्ताशय, तूप, डॉक्टर, सगळं. म्हणाले, "अबेराशनं माझं काही केलं नाही. झऱ्यावर मी खोटं नाव घेतलं."

 मग मागून एक म्हणाली, "बुडा बोलतोय."

"मी बोलतेय! मी, यशी, यशीमेबेत!"

"तो असंच म्हणतो! आपली बाजू घेतोय बघा!"

चौघींनी मला धरलं. कुणी निखारे आणले, त्यावर सताप टाकला आणि तो धूर माझ्या नाकाखाली धरला. "खरं नाव सांग! कोण बोलतंय?" मी खोकत, रडत माझंच नाव ओरडत राहिले आणि त्या माझ्या तोंडावर पाणी शिंपडत राहिल्या. कुणाच्याच मनात वाईट नव्हतं. त्या मला वाचवत होत्या.

खोटं एकदा बोलले तर सगळ्यांना पटलं. खरं बोलले तर भूत ठरले. आता माझ्या जिभेचा उपयोग नाही.

गिन्बोत १२, मंगळवार

सकाळी काही न खाता बाजारात गेले. अबा तेक्लेंना जाताना बरोबर घेतलं. त्यांनी सगळ्यांदेखत माझ्यावर पवित्र पाणी शिंपडलं, डोक्याला क्रूस लावला आणि म्हणाले, "हिच्यात कुणी नाही. ही हीच आहे." मग मी तिरिंगोपुढं जाऊन बसले.

"तुझ्या टोपलीतला एक गोळा दे. आजचाच."

"कशाला? तू तर तूप सोडलंस म्हणतेस."

"दे. विकत घेते."

तिनं दिला. मी पान उघडलं, काडीनं चाखलं. "ताजं आहे. भेसळ नाही. सगळ्यांनी ऐकलं ना?" आणि खायला लागले. मुठीनं. घशाखाली उतरत नव्हतं, तरी कोंबलं. बाया जमल्या. ताई दुरून ओरडत होती, "यशी, नको गं, मरशील!" मी गोळा संपवला, बोटं चाटली आणि तिथंच तिरिंगोसमोर मांडी घालून बसून राहिले.

फार वाट पाहावी लागली नाही. आधी कुशीत कळ, मग पीळ. मी जागेवरून हलले नाही. जी गोष्ट जिवाच्या आकांतानं एवढे दिवस लपवली ती भर बाजारात, भर उन्हात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होऊ दिली. उलटीही झाली. कुणीतरी नाक धरलं. पोरं हसली आणि मग हसायची थांबली.

मला बोलता येत होतं तेवढ्यात मी म्हणाले, "अबेराश इथं नाही. मी आज हिचं लोणी खाल्लं. हिच्या हातून घेतलं. ही माझ्यासमोर बसून माझ्याकडं बघत होती. तुम्हीच सांगा आता, मला कुणी खाल्लं?"

 एकेकीचं डोकं तिरिंगोकडं वळलं. पाठीवर पोर असलेल्या एकीनं शाल पुढं ओढली. तिरिंगोनं ते पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला.

"माझ्याकडं काय बघता?" ती किंचाळली. "लोण्यानं झालं तिला! लोणी सोसत नाही तिला! डॉक्टरीण म्हणाली ना तिला, पिशवी काढलीय म्हणून! तुम्हीच ऐकलंत शनिवारी! लोण्यानं होतं ते, माणसानं नाही!"

"पुन्हा बोल," मी म्हणाले.

"माणसानं नाही!"

अबा तेक्लेंनी विचारलं, "मग अबेराश?"

तिरिंगोनं टोपलीवरची पानं सारखी केली. मग म्हणाली, "तीही नाही." दोघी-तिघींनी माना हलवल्या. सगळ्यांनी नाही. एक म्हातारी पुटपुटत निघून गेली, ते पुटपुटणं मला ऐकू आलं आणि ते काही चांगलं नव्हतं.

ताईनं मला घरी आणून धुतलं. आता खाटेवर आहे.  देजेनचा गाडीवाला दारात येऊन गेला. त्याला सांगितलं, ह्या वेळी माझं नाव घेऊ नकोस. सांग, तू काही केलं नाहीस असं तिरिंगो बोललीय, भर बाजारात, सगळ्यांसमोर; हेच बाजाराचं बोलावणं.

येईल की नाही ठाऊक नाही. तिच्या जागी मी असते तर आले नसते.